हक्काचे सरपण, सवलतीचा गॅस

मुळशी खोऱ्यात घराला ऊब लागते ती डिसेंबरपेक्षा जुलैत जास्त. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे पटकन पटणार नाही. पण ताम्हिणी घाटाच्या आसपासच्या गावांत आषाढात एकदा पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन म्हणून दिसत नाही. भिंती ओल धरतात, कपडे वाळत नाहीत, भातलावणीहून परतलेले माणूस गारठून आलेले असते. अशा वेळी घरात कोरडी आणि गरम जागा एकच, ती म्हणजे चुलीपुढची. चुलीवर भाकरी होते, वैलावर कालवण रटरटते, तिच्याच धगीवर कपडे वाळतात आणि वर माळ्यावर रचलेले उद्याचे सरपण सुकते. म्हणूनच घर गरम ठेवण्याचा खर्च आपल्याकडे कोणी वेगळा मांडत नाही. तो चुलीच्या खर्चातच येतो.

थंड देशांत तो वेगळा मांडतात. अमेरिकेत १९८१ साली कायदा करून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घर तापवण्याच्या बिलासाठी सरकारी मदत सुरू झाली. ब्रिटनमध्ये १९९७च्या हिवाळ्यापासून वृद्धांना इंधनभत्ता मिळू लागला. २०२४ साली तिथल्या सरकारने तो बहुतेक वृद्धांचा बंद केला, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि २०२५ मध्ये त्यातल्या पुष्कळांना तो पुन्हा द्यावा लागला. या घटनेतून एक साधी गोष्ट लक्षात येते. सरकार जे सवलत म्हणून देते, ते एका निर्णयाने काढूनही घेऊ शकते. हक्काचे तसे नसते.

आपल्याकडच्या गरीब घराच्या इंधनाचा इतिहासही हक्क आणि सवलत या दोन शब्दांभोवती फिरतो. मुळशी तालुक्यात उभे राहून पाहिले तर तो फार स्पष्ट दिसतो.

रानातली मोळी

मावळातल्या घराचे इंधन पूर्वी रानातून यायचे आणि त्याला पैसा लागत नसे. लागायचे ते कष्ट, आणि तेही बहुतांशी बायकांचे. पावसाळ्याची बेगमी, म्हणजे आगोटीची तयारी, चैत्र-वैशाखातच सुरू व्हायची. वाळलेल्या फांद्या, काटक्या आणि ढलप्यांच्या मोळ्या डोक्यावरून घरी आणायच्या, गोवऱ्या थापून वाळवायच्या, आणि हे सारे पहिल्या पावसाच्या आत पडवीत नाहीतर माळ्यावर रचायचे. ज्या घरचे सरपण कमी पडले, त्या घराला श्रावण जड जायचा.

हे रान बेवारस होते असे नाही. कोणी कुठून काय तोडावे याचे गावाचे संकेत होते. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, हा त्यातला सर्वांत कडक संकेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या अभ्यासकांनी १९७०च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचे डोंगर उघडे पडलेले असतानाही या देवराया टिकून असल्याचे त्यांना आढळले. ज्या रानाला गावाने आपले मानले, त्याला गावाने मर्यादाही घातली होती.

इंग्रज सरकारने ही व्यवस्था बदलली. १८७८च्या वन कायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवने अशी विभागणी केली. लोकांना रानातून जे मिळत होते, त्यातले बरेचसे ‘हक्क’ या सदरात धरलेच गेले नाही. ती सरकारने दिलेली ‘सवलत’ ठरली. डोक्यावरून वाळक्या लाकडाची मोळी न्यायला मुभा असायची, पण ती मुभा होती. कोणते रान बंद करायचे, कोणते झाड तोडू द्यायचे, हे जंगलखाते ठरवणार. महात्मा फुले यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले, ते याच कारणाने. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला खास वन आयोग नेमावा लागला. मुळशीचा घाट उतरला की पलीकडे हाच कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड.

ही सल पुढे १९३०च्या चळवळीत बाहेर आली. समुद्रकाठी लोकांनी मीठ उचलले आणि डोंगराकडेला जंगलाचा कायदा मोडला. आजच्या सांगली जिल्ह्यातले बिळाशी आणि उरणजवळचे चिरनेर ही त्या जंगल सत्याग्रहाची गाजलेली ठिकाणे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला गोळीबार झाला. गवत, लाकूड आणि सरपण हे विषय स्वराज्याच्या लढ्याइतके मोठे होऊ शकतात, हे त्या वर्षी दिसले.

वीज गेली घाटाखाली

त्याआधी नऊ वर्षे मुळशीत वेगळाच लढा झाला होता. मुंबईच्या गिरण्या तेव्हा दगडी कोळशावर चालत. कोळसा लांबून आणावा लागे, तो महाग पडे आणि धूरही फार होई. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे, ते कड्यावरून खाली कोकणात सोडायचे आणि त्यावर वीज करायची, ही टाटांची योजना यावर उपाय होती. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये. तिसरे पाणी अडवायचे होते मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर, मुळशीला.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव हिंडले. बापटांना पुन्हा पुन्हा तुरुंगात जावे लागले. १९२४च्या अखेरीस लढा संपला. धरण झाले आणि १९२७ साली भिरा येथील वीजघर सुरू झाले. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर इतिहास लिहिला आहे. त्यातली एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. खोऱ्यातली बरीच जमीन सावकारांच्या नावावर गेलेली होती. मोबदला मिळतो तो कागदावरच्या मालकाला. जमीन कसणारे कूळ, त्याची चूल आणि त्याचे सरपण यांची कागदावर नोंदच नव्हती.

इंधनाच्या अंगाने पाहिले तर मुळशीत काय झाले? गिरण्यांचा कोळसा वाचावा म्हणून एका खोऱ्याने आपली भातखाचरे दिली. वीज भिऱ्याहून मुंबईकडे गेली. धरणाच्या काठाला वरच्या उतारावर सरकलेल्या माणसांची चूल मात्र लाकडावरच राहिली, आणि आता लाकूड आणायचे रानही कमी झाले होते. शिवाय पुण्या-मुंबईच्या शेगड्यांसाठी मावळच्या डोंगरांत लोणारी कोळशाच्या भट्ट्या लागत. त्या भट्ट्यांवर राबणाऱ्यांत कातकरी पुष्कळ असत. शहराचे इंधन तयार करणाऱ्याच्या स्वतःच्या झोपडीत मात्र पाला-काटक्याच जळत. इंधन डोंगरातून शहराकडे जाते आणि मदत शहरातून डोंगराकडे येते, ती पुष्कळ उशिरा येते. पुढच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसेल.

घासलेटची रांग

विकतचे म्हणून गरीब घरात शिरलेले पहिले इंधन म्हणजे घासलेट, कोणी त्याला रॉकेल म्हणतात. पहिला शब्द ‘गॅसलाइट’वरून आला आणि दुसरा ‘रॉक ऑइल’वरून. हे तेल आधी दिव्यासाठी आले, मग स्टोव्ह आला. पंपाचा प्रायमस आणि वातीचा स्टोव्ह यांनी शहरातल्या चाळींची चूल हलवली. खेड्यात मात्र रॉकेल मुख्यतः दिव्यासाठी आणि पावसात चूल पेटवण्यासाठी लागे. ओल्या सरपणावर चमचाभर रॉकेल घातल्याशिवाय जुलैत जाळ धरत नाही, हे मावळात कोणीही सांगेल.

रॉकेल रेशनवर आले आणि गरिबाच्या इंधनाला सरकारी मदत मिळण्याची खरी सुरुवात झाली. ही मदत किती नाजूक होती हे १९७२च्या दुष्काळानंतर दिसले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी महागाईविरोधी आघाडी उभारली. लाटणी घेऊन हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. धान्य, साखर आणि तेलाबरोबरच रॉकेल मिळावे ही त्यांची मागणी होती. स्वयंपाकघरातला प्रश्न मंत्रालयाच्या दारात नेणारी ती चळवळ होती. ती शहरात झाली, कारण शहरात रॉकेल संपले की चूलच बंद पडायची. खेड्यातली बाई एक मोळी जास्त आणायची आणि तिची टंचाई कुठल्या आकड्यात यायची नाही.

१ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंगांची शिधापत्रिका आली. वर्षाला पंधरा हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळी, एक लाखापर्यंत केशरी आणि त्यावर पांढरी. घरात गॅस असेल तर शिधापत्रिकेवर तसा शिक्का बसे आणि रॉकेल कमी होई किंवा बंद होई. नियम तर्काला धरून होता. पण त्यामुळे एक पेच तयार झाला. गॅस घ्यावा तर रॉकेल जाते, आणि गॅस परवडला नाही तर दोन्ही जातात. कातकरी वस्तीतल्या अनेकांकडे तर शिधापत्रिकाच नव्हती, म्हणजे त्यांना या पेचापर्यंतही पोचता येत नव्हते.

स्वस्त रॉकेल ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग मिसळत. तरीही ते डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा फोफावला, कारण दोन्हींच्या किमतीत तिपटीच्या आसपास अंतर पडले होते. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. गरिबाच्या स्टोव्हसाठी दिलेल्या सवलतीवर किती पैसा चोरला जात होता, हे त्या दिवशी साऱ्या देशाला कळले. पुढे जुलै २०१६ पासून रॉकेलचे दर थोडे थोडे वाढवत नेले आणि २०२० पर्यंत त्यावरचे अनुदान शून्यावर आले. चोरी थांबली खरी. पण ओले सरपण पेटवायला लागणारे चमचाभर रॉकेलही त्याबरोबर गेले.

निर्धूर चुलीचा धडा

दरम्यान आणखी एक प्रयोग झाला. १९८०च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ या संशोधकाने सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो, ते मोजले. तो आकडा भयंकर होता. १९८३च्या अखेरीस केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. चूल कमी लाकडात जास्त उष्णता देईल आणि धूर धुराड्यावाटे बाहेर काढेल, अशी कल्पना होती. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने चुलींवर आणि उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यावर बरेच काम केले.

देशभरात तीन कोटींहून अधिक चुली बांधल्याची नोंद झाली आणि २००२ मध्ये केंद्राने कार्यक्रम गुंडाळला. असे का झाले? चुली किती बांधल्या हे मोजले गेले. वर्षभराने किती पेटत होत्या, हे क्वचितच कोणी मोजले. धुराड्यात काजळी साचली, ते साफ करायला कोणी आले नाही. एक पेटती चूल घरात काय काय कामे करते, हेही लक्षात घेतले गेले नाही. धुराने छपराचे लाकूड आणि गवत किडीपासून वाचते, धगीवर कपडे आणि सरपण वाळते. सगळी उष्णता भांड्याखाली कोंडणारी चूल स्वयंपाकाला चांगली असते, पण पावसाळ्यात माणसाला शेकायला धग लागते. ज्या घरात तीच चूल स्वयंपाकाची आणि तीच उबेची, तिथे या चुलीने अर्धेच काम केले.

लाल टाकी

गॅस भारतात १९५५ साली मुंबईत आला आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे तो मध्यमवर्गाचा राहिला. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्याचे अनेक घरांना आठवत असेल. खासदाराच्या कोट्यातून जोडणी मिळवणे हा मोठा वशिला मानला जाई. गॅसवर अनुदान होते, पण ज्याच्याकडे जोडणी त्यालाच. म्हणजे मोळी आणणाऱ्या बाईला काही नाही आणि बंगल्यातल्या शेगडीला मदत, असे हे उलटे गणित होते.

ते सुलटे करायला फार वर्षे लागली. २००९ साली ग्रामीण वितरणाची राजीव गांधी योजना आली. २०१२ मध्ये अनुदानित टाक्यांवर वर्षाला सहाची मर्यादा आली, ती पुढे नऊ आणि २०१४ मध्ये बारा झाली. २०१५ पासून देशभर अनुदान थेट बँक खात्यात जमा होऊ लागले. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली. जोडणी घरातल्या बाईच्या नावावर आणि तिच्यासाठी सरकारचे १,६०० रुपये. ७ सप्टेंबर २०१९ रोजी आठ कोटींवी जोडणी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. तीन वर्षांत एवढी मजल ही लहान गोष्ट नव्हे. मुळशीच्या वाड्यांवरही लाल टाकी पोचली ती याच काळात.

पण त्याच वर्षीच्या अखेरीस महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. उज्ज्वलाचे घर वर्षाला सरासरी ३.२१ टाक्या भरून घेत होते. १४.२ किलोची टाकी चार-पाच माणसांच्या घरात महिना-दीड महिना जाते. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने चूलच पेटत होती. कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. १,६०० रुपयांत अनामत, रेग्युलेटर, नळी यांचा खर्च भागे. शेगडी आणि पहिली टाकी अनेकांनी कर्जाने घेतली आणि ते कर्ज पुढच्या टाक्यांच्या अनुदानातून कापले जाई. त्यामुळे ज्या घरासाठी अनुदान होते, त्यालाच सुरुवातीच्या टाक्या पूर्ण भावाने घ्याव्या लागल्या. शिवाय रोजंदारीच्या घरात एकरकमी पैसा नसतो. दहा रुपयांचे रॉकेल मिळायचे, मोळी फुकट मिळायची, पण दहा रुपयांचा गॅस मिळत नाही.

भावही स्थिर राहिले नाहीत. मुंबईत टाकी मे २०२० मध्ये ५७९ रुपयांना होती, मार्च २०२३ मध्ये ती १,१०२ रुपये ५० पैशांवर गेली. मधल्या काळात सर्वसाधारण अनुदान जवळजवळ बंदच झाले होते. मे २०२२ मध्ये उज्ज्वलाच्या घरांना टाकीमागे २०० रुपये देण्याचे ठरले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० झाले. महाराष्ट्राने २०२४च्या जुलैत मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेचा शासन निर्णय काढला. उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीण योजनेतल्या पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्या मोफत. अट अशी की गॅसजोडणी बाईच्या नावावर हवी. अनेक घरांत ती सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर होती. शंभर वर्षांपूर्वी जमिनीच्या कागदावर नाव नसल्याने कुळाचा मोबदला गेला, तसाच हा कागदाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. फरक एवढाच की या वेळी नाव बदलून घेता येत होते.

मोजायचे काय?

आज मुळशी तालुका एका वेळी दोन काळांत राहतो. हिंजवडीच्या उंच इमारतींत नळाने गॅस येतो, बिल महिन्याअखेर येते आणि वापराइतकेच येते. त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला गॅसवर चहा आणि भाजी होते, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. याला कोणी मागासपणा म्हणू नये. तो हिशेब आहे. मोफत तीन टाक्या कुठे वापरायच्या आणि लाकूड कुठे, हे त्या घरातली बाई आपल्यापेक्षा चांगले जाणते.

इतिहास आपल्याला दोन गोष्टी सांगतो. एक, मदत वस्तूंच्या संख्येत मोजली की फसते. चुली मोजल्या, त्या विझल्या. जोडण्या मोजल्या, टाक्या कोपऱ्यात राहिल्या. मोजायचे ते वर्षातले किती दिवस घरात धुराविना जाळ होता हे, आणि ते मुळशीसारख्या ठिकाणी जुलैत मोजायचे, मार्चअखेरीस नव्हे. दोन, सवलतीला हक्काचा आधार लागतो. २००६च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे आणि परंपरेने जंगलावर जगणाऱ्यांचे रानातले अधिकार हक्क म्हणून मान्य केले. १८७८ साली जे सवलतीच्या सदरात ढकलले होते, त्यातले काही त्यामुळे परत आले. गॅसच्या बाबतीत असा कोणताही कायदा नाही. तीन टाक्या या वर्षी आहेत, पुढच्या वर्षी असतील की नाही हे अर्थसंकल्प ठरवतो.

तोवर जे मिळू शकते ते मिळवणे हे शेजाऱ्यांचेही काम आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांसाठी शिधापत्रिका आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणा पुरेशी धरली गेली. वीटभट्टीवर आलेल्या आणि वाडीवरच्या किती बायकांपर्यंत ही गोष्ट पोचली? आधार आणि बँक खात्यातल्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी अनुदान अडते. तो फरक दुरुस्त करून द्यायला ग्रामपंचायतीतल्या एखाद्या लिहित्या माणसाला अर्धा दिवस लागतो. त्या अर्ध्या दिवसाने एका घरातला जुलै थोडा कोरडा आणि थोडा कमी धुराचा जाऊ शकतो.